‘स्कँडल’ला काय म्हणायचं? घोटाळा, लफडं, भानगड की प्रकरण?

प्रश्न : आमचं हौशी मंडळ ऑस्कर वाइल्डचं ‘अ‍ॅन आयडियल हजबंड’ मराठीत करतंय. लंडन, पात्रं, १८९५चा काळ, सगळं जसंच्या तसं. अडलंय ते ‘स्कँडल’वर. पहिल्या अंकात मिसेस चेव्हली सर रॉबर्ट चिल्टर्नला सुनावते की पूर्वी स्कँडलमुळे माणसाला रंगत यायची, आता त्यात माणूस चिरडला जातो, आणि तुमचं तर फारच ओंगळ आहे. आम्ही ‘घोटाळा’ लिहिलं होतं. पहिल्याच वाचनाला चेव्हली करणारी थांबली आणि म्हणाली, “घोटाळ्याने कुणाला रंगत येते हो?”

प्रतिसाद : बरोबर बोलल्या त्या. शिवाय चिल्टर्नने घोटाळा केलाय कुठे? सुएझ कालव्याचे शेअर सरकार घेणार ही आतली बातमी त्याने तरुणपणी बॅरन आर्नहाइमला विकली, सरकारने जाहीर करायच्या तीन दिवस आधी, आणि १,१०,००० पौंड मिळवले. आपल्याकडे याला पेपर फोडणं म्हणतात. (ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने ते शेअर १८७५ साली खरोखरच घेतले होते.) मला विचाराल तर ‘लफडं’ टाका. रंगतही येते, ओंगळही वाटतं.

प्रतिसाद : ‘लफडं’ नको! ते ऐकलं की प्रेक्षक दुसरी बाई शोधायला लागतात, आणि इथे नवऱ्याचं पाप पैशाचं आहे. तो शब्द गुलाबी चिठ्ठीसाठी राखून ठेवा. लेडी चिल्टर्न अडचणीत सापडून नवऱ्याच्या मित्राला, लॉर्ड गोरिंगला, चार ओळी लिहिते, चेव्हली ती चिठ्ठी पळवते आणि प्रेमपत्र म्हणून नवऱ्याकडे पाठवते. नसलेलं लफडं ते हेच. पहिल्या अंकातच शब्द खर्च केलात तर तिथे काय वापरणार?

मग राहिली ‘भानगड’. ती पैशाची असते, बाईची असते, नुसती शेजारच्या घरातली कुजबुजही असते. धोका एवढाच की “काय भानगड आहे?” हे आपण फ्यूज उडाला तरी विचारतो, त्यामुळे एकवचनात हसू फुटेल. अनेकवचनात धोका नाही. माझ्या मते वाक्य असं : “पूर्वी भानगडींनी माणसाला रंगत यायची, आता भानगडी माणसाला चिरडतात. आणि तुमचं प्रकरण तर फारच ओंगळ आहे.”

शब्द मुद्दाम बदललाय. मुळात दोन्हीकडे एकच शब्द आहे, मान्य. पण भानगडी जगाच्या असतात, प्रकरण एकाचं असतं आणि त्याला कागद जोडलेला असतो. चेव्हलीच्या हातात चिल्टर्नने बॅरनला ती बातमी कळवल्याचं पत्र आहेच की. खुद्द वाइल्डचंही प्रकरणच झालं. ३ जानेवारी १८९५ला लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये नाटक उघडलं, ५ एप्रिलला त्याला अटक झाली आणि जाहिरातींवरून त्याचं नाव उतरवलं.

प्रश्नकर्ता : काल तालमीत म्हणून पाहिलं. ‘चिरडतात’नंतर ती पंखा मिटते, मग ‘तुमचं प्रकरण’ अगदी हळू आवाजात. चिल्टर्न करणारा आपोआप एक पाऊल मागे सरकला. हेच ठेवतोय. ‘ओंगळ’ला दिग्दर्शक ‘घाणेरडं’ सुचवताहेत, पण रेशमी झग्यातली बाई तसं बोलेलसं वाटत नाही.

प्रतिसाद : नाहीच बोलणार. घाणेरडी गटार असते.