'नीहार' की 'निहार'? आणि बाळाला हे नाव ठेवावं का?

जुनीवही
भाचा झालाय! मी आत्या, म्हणजे कानात कुर्रर्र करायचं काम माझं. अनुराधा नक्षत्र, दुसरा चरण, अक्षर 'नी'. नीलेश, नीरज, नील घराघरांत आहेत, म्हणून भावानं 'नीहार' काढलं. अर्थ धुकं. सगळ्यांना आवडलं, पाळण्यावर लावायची अक्षरंसुद्धा कापून झाली. काल वहिनीच्या मामींचा फोन आला, "अगं, नीहार म्हणजे शौचाला जाणं. आहार-नीहार म्हणतात ना, त्यातला." तेव्हापासून वहिनी गप्प आहे. दोन प्रश्न: मामी म्हणतात ते खरं आहे का? आणि दाखल्यावर वेलांटी पहिली की दुसरी? जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झालीय, नाव वर्षभरात घालता येतं. पण बारसं येत्या रविवारी आहे.

वारणाकाठ
मामींचं खरं आहे. आम्ही सांगलीकडचे जैन. तीर्थंकरांना आहार असतो पण नीहार नसतो, हे लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलोय. हा त्यांचा जन्मापासूनचा अतिशय, म्हणजे अलौकिक गुण, मानतात. आमच्या घरात हे नाव कुणाला सुचणारही नाही.

शब्दवेल्हाळ
पण धुकं हा अर्थही तितकाच जुना आहे. अमरकोश बघा: 'अवश्यायस्तु नीहारस्तुषारस्तुहिनं हिमम्'. संस्कृत कोशांत धुकं, दव आणि मलोत्सर्ग हे सगळे अर्थ एकाच नोंदीत सापडतात. त्याच ओळीतला 'तुषार' घ्या. मुळात तो गोठलेला, हिमाचा. आपण कारंज्याचे तुषार म्हणतो, शेतात तुषार सिंचन करतो, आणि तुषार नावाची किती मुलं आपल्या ओळखीत आहेत! मराठीत शब्द ज्या अर्थानं नांदतो, तो त्याचा अर्थ. तुम्ही खुशाल ठेवा.

पंतोजी_सातारा
"नांदतो तो अर्थ" म्हणत गेलं की काहीही चालतं. म्हणूनच 'अनय' नावाची मुलं दिसतात. अनय म्हणजे कुनीती, दुर्दैव. आईबापांनी एकदा कोश उघडायला नको का?
वेलांटीचं म्हणाल तर दुसरीच. तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचा. उपसर्ग 'नि' असला तरी इथे तो दीर्घ होतो, पाणिनीचं सूत्रच आहे: 'उपसर्गस्य घञ्यमनुष्ये बहुलम्' (६.३.१२२).

शब्दवेल्हाळ
पंतोजी, सूत्रात 'अमनुष्ये' आहे. माणूस हा अर्थ असेल तर दीर्घ नाही, म्हणून तर 'निषाद' (त्या जमातीचा माणूस) ह्रस्व. मग धुकं असेल तर नीहार आणि बाळ असेल तर निहार, असंच झालं की!

पंतोजी_सातारा
नाही. सूत्र शब्दाच्या अर्थाबद्दल आहे, तो शब्द कुणाला चिकटवला याबद्दल नाही. बाळाला तुम्ही धुक्याचं नाव देताय, ते धुक्याच्याच वेलांटीसकट द्या.

माजघर
मला वाटायचं, निहार म्हणजे बघणं. हिंदीत 'निहारना', आपलं 'न्याहाळणं'. आणि आमची आजी सकाळच्या खाण्याला न्याहारी म्हणायची. तेही यातलंच ना? नि आणि आहार?

शब्दवेल्हाळ
न्याहाळणं 'निभालन'कडून येतं, त्याचा धुक्याशी संबंध नाही. न्याहारी फारसी-उर्दूतल्या 'नहारी'शी जुळते. अरबीत नहार म्हणजे दिवस.

माजघर
नाही पटत. शेतावर डोक्यावरून न्याहारी नेणाऱ्या बाईला अरबी कुठून आलं?

शब्दवेल्हाळ
तिच्या तोंडी खुर्ची, जमीन यांतलं काय कुठून आलं, तेही विचारा मग.

केरबाचा_नातू
मंडळी, माझ्या आजोबांचं नाव केरबा. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून पणजीनं यांना जन्मल्याबरोबर केराच्या ढिगावर ठेवून उचललं. दृष्ट लागू नये, जीव राहावा, एवढ्यासाठी. धोंडू, दगडू, भिकू, उकिरडा ही नावं अशीच पडली. ते ८७ वर्षं जगले आणि सगळं गाव त्यांना केरबाअण्णा म्हणून मान द्यायचं. त्यांच्या नावाचा अर्थ कोशात बघावा असं मला कधी वाटलं नाही. आत्याबाई, वहिनींना हे सांगा.

वारणाकाठ
केरबाअण्णांना नमस्कार. पण त्यांच्या आईनं अर्थ माहीत असूनच ते नाव ठेवलं होतं. इथं अर्थ नंतर कळलाय, फरक आहे.

तुरीचं_वावर
आमच्या विदर्भात धुक्याला धुवारी म्हणतात. तूर फुलावर असताना धुवारी आली की फूल गळते, वर्षाची मेहनत जाते. शहरात धुकं म्हटलं की फोटो काढतात. मी तर पोराचं नाव धुवारीवरून कधीच ठेवणार नाही, संस्कृतात असो की कशात.

माजघर
कोकणात आंब्याच्या मोहोराचं हेच. पण नीहार म्हणजे दवही म्हणताय ना? दव तर चांगलं. आमच्याकडे त्याला दहिवर म्हणायचे, गवतावरचं.

जुनीवही
सगळ्यांचे आभार. वहिनीला केरबाअण्णांची गोष्ट वाचून दाखवली, तिला रडू आलं. अजून हो म्हणाली नाही. मामी रविवारी येणार आहेत. तोवर वेलांटीचं तरी एकमत करा ना.

पंतोजी_सातारा
दीर्घ. त्यात एकमताचा प्रश्नच नाही.

तुरीचं_वावर
माजघरताई, दहिवर आणि दव एकच का? आमची माय हरभऱ्यावरच्या आंबट पाण्याला वेगळं काही म्हणायची. पहाटे फडकं फिरवून ते गोळा करायची. कुणाला आठवतो का तो शब्द?

माजघर
आंब! हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर द्यायचे. पण ती दहिवर नव्हे.