मुंबईत एक रविवार फोटोंसाठी, सोबत बाबा – सल्ला हवा आहे

सोलापूरची_सई
नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि बाबा रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी सीएसएमटीला उतरणार, त्याच रात्री परत. दिवसभर फक्त फोटो काढायचेत. बाबांनी चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, पण मुंबई कॅमेऱ्यातून कधी पाहिली नाही. कॅनन २००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स. जास्त भाग मावणारी वाइड लेन्स भाड्याने घ्यावी का? कुठे कधी जावं? खाणं, फिरणं, सगळं मिळून दोघांचं बजेट दीड हजार. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत.

लेन्सवाला_पुणे
१८-५५ वर मुंबई मावत नाही. मी सेकंडहॅण्ड १०-१८ वाइड लेन्स घेतली, बारा हजारांत. सीएसएमटीचा घुमट, खालची वर्दळ, सगळं एका फ्रेममध्ये येतं. भाड्याचे पैसे वाया जातात, विकतच घ्या.

गिरगावकर_काका
लेन्सचं राहू दे. उतरल्या उतरल्या गेटवे गाठा, उशीर झाला की गर्दीत मान वर काढता येत नाही. मग बाणगंगा. पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेलात तरच फोटो येतो. संध्याकाळी चौपाटी. मी १९७८ पासून हेच करतोय.

ठाणेकर_मिलिंद
गाडी बुक करा. आम्ही दिवसभराचे साडेतीन हजार दिले, सी लिंकपण झाला, घरच्यांना त्रास नाही. काकांशी सहमत, गेटवे पहिलं.

कोळीवाड्याची_लेक
काका, त्यांच्या बाबांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय वर. बाणगंगेच्या पायऱ्या कशाला सांगताय?

गिरगावकर_काका
माझेही दुखतात. मी उतरतो.

बोरीबंदरकर
सई, ठिकाणांची यादी बाजूला ठेव आणि ऊन कुठून येतं ते बघ.

गेटवेचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला. सकाळी चौकातून फोटो काढलास तर सूर्य समोर, कमान काळी पडणार. तिथे गेलीसच तर कमानीकडे पाठ कर आणि ताज काढ, त्याच्यावर कोवळं ऊन असतं. सीएसएमटीचं उलटं. दर्शनी बाजू पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सावलीत आणि दुपारी तीननंतर दगडाला सोनेरी रंग. समोरची महापालिकेची इमारत मात्र सकाळीच उजळते. दोन्ही इमारती एकाच वास्तुकाराच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या.

याहून सोयीचं ओव्हल मैदान. पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या सुमाराच्या शैलीतल्या इमारतींची रांग, तिच्यावर सकाळचं ऊन. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, त्यांच्यावर दुपारचं. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. मैदान सपाट आहे, एक जिना नाही. झाडाखाली बसायचं आणि ऊन फिरलं की आपण तोंड फिरवायचं.

लेन्स घेऊ नकोस. सीएसएमटी पूर्ण हवं असेल तर कॅमेरा उभा धर, एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेव म्हणजे सगळ्यांत उजेड सारखा येईल, आणि डावीकडून उजवीकडे सहा फोटो घे. प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ दे. घरी जोडता येतात.

लेन्सवाला_पुणे
जोडलेल्या फोटोत चालती माणसं तुटतात, बस दोनदा येते. माझा अनुभव आहे. १०-१८ घ्या.

ठाणेकर_मिलिंद
व्हीटी १८८८ चं ना?

बोरीबंदरकर
काम १८७८ मध्ये सुरू झालं, दहा वर्षं चाललं. आणि व्हीटी नको, नाव बदलून १९९६ पासून किती वर्षं झाली!

गिरगावकर_काका
आमच्या घरी बोरीबंदरच म्हणतात. पहिली गाडी १८५३ ला ठाण्याला सुटली ती बोरीबंदरहूनच.

ठाणेकर_मिलिंद
ठाण्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, तलावपाळीलाही उत्तम फोटो येतात.

कोळीवाड्याची_लेक
मूळ प्रश्नाकडे या. सई, माणसांचे फोटो विचारूनच काढ. गेल्या वर्षी मासळीच्या एका धक्क्यावर मी न विचारता कॅमेरा काढला, रखवालदाराने सगळे फोटो पुसायला लावले. त्यात माझ्या मावशीचाही फोटो होता, तो गेला याचं अजून वाईट वाटतं. ट्रायपॉड आणू नका, उघडला की कुणीतरी परवानगी विचारतंच. सीएसएमटीसमोरच्या भुयारी मार्गाला जिने आहेत, म्हणून संध्याकाळी टॅक्सीने थेट महापालिकेच्या बाजूला उतरा. किमान भाडं ३१ रुपये. साडेतीन हजारांची गाडी कशाला?

काका, चौपाटीवरून सूर्य मलबार हिलच्या मागे जातो. समुद्रात बुडताना हवा असेल तर नरिमन पॉइंटचं टोक गाठावं लागतं.

गिरगावकर_काका
हिलमागे जाणाराच सुंदर दिसतो. आम्ही तोच बघत मोठे झालो.

सोलापूरची_सई
सगळ्यांचे आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: लेन्स घेत नाही, भाड्यानेही नाही. गेटवे नाही, बाणगंगा नाही, आणि सूर्यास्तही सोडतोय. सकाळी महापालिकेची इमारत, मग टॅक्सीने ओव्हल, तिथेच दुपारपर्यंत. रविवारी पोरांचं क्रिकेट असतं म्हणे. बाबांना पांढऱ्या कपड्यांतला बॉलर पुढे आणि राजाबाई टॉवर मागे, असा एकच फोटो मनासारखा हवाय. टॉवरसाठी पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांनी त्याला आईचं नाव दिलं हे कळल्यापासून त्यांनी बाकी सगळं रद्द केलंय. बॉलरला आम्ही विचारूच. दिवे लागायच्या सुमाराला सीएसएमटीसमोर.

ठाणेकर_मिलिंद
मुंबईला येऊन गेटवे नाही? पटत नाही.

लेन्सवाला_पुणे
बॉलर आणि टॉवर दोन्ही नीट हवे असतील तर ५५ कमी पडेल. माझ्याकडे लांबचं जवळ आणणारी ५५-२५० पण आहे.

बोरीबंदरकर
कमी पडणार नाही. बॉलरपासून जरा लांब, सीमारेषेपाशी जमिनीवर बस आणि कॅमेरा खाली धर. बाबांना खाली बसता येत नसेल तर घडीचं छोटं स्टूल आण.

सोलापूरची_सई
स्टूल आहे. स्टुडिओतलं.