मदत हवी आहे: क्रूझवरची उलट्या-जुलाबांची साथ आणि ७४ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई-बाबा गेल्या महिन्यात सांगलीहून आलेत. फेब्रुवारीत लेकाच्या शाळेला सुट्टी असते, तेव्हाची सात रात्रींची क्रूझ नवऱ्याने त्यांना न सांगता ठरवून टाकली. बोट इथल्याच बेयॉनच्या केप लिबर्टी धक्क्यावरून सुटते. आई हरखून गेली आहे, तिने दोन नवे पंजाबी ड्रेससुद्धा शिवून आणलेत. पैसे न कापता बुकिंग रद्द करायची मुदत तीन आठवड्यांनी संपते आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही.

मागच्या वर्षी आम्ही तिघं फ्लोरिडाहून दुसऱ्या एका बोटीवर गेलो होतो. चौथ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये लेकाला एक उलटी झाली. मी म्हटलं, बोट लागली असेल. थोडं लिंबूपाणी पाजलं, तासभर झोपवलं. त्याला बरं वाटलं म्हणून रात्री सगळे नटूनथटून जेवायला गेलो. आमच्याच टेबलावर एक वयस्कर अमेरिकन जोडपं रोज असायचं. त्यांचा लेकावर फार जीव जडला होता, त्या आजींनी स्वतःच्या ताटलीतला ब्रेडही त्याच्या हाताने उचलू दिला. जेवून परतताना लिफ्टपाशी तो भडाभडा ओकला. पहाटे मी, सकाळी नवरा. पुढचे दोन दिवस बिनखिडकीच्या केबिनमध्ये तिघं आणि एक संडास. दवाखान्यात फोन केला की कितीतरी वेळ कुणी उचलायचं नाही.

हे सगळं निभावलं. पण उतरायच्या दिवशी त्या आजी व्हीलचेअरवर दिसल्या, चेहरा उतरलेला. त्यांना आमच्यामुळे झालं की आणखी कुणाकडून, हे मला कधीच कळणार नाही. खरं एवढंच की दुपारी मी फोन केला नाही. बोट लागली असेल असं मला वाटलं, हे अर्धं खरं आहे. दुसरी अर्धी गोष्ट अशी की आम्हाला केबिनमध्ये कोंडतील आणि पैसे वाया जातील ही भीती होती. चढताना जो तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, तोही आम्ही सगळीकडे 'नाही' अशा खुणा करून मिनिटभरात दिला होता.

त्यानंतर मी बरंच वाचून काढलं. या साथी बहुतेक नोरोव्हायरस नावाच्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूच्या. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, क्रूझवरच्या अशा १८ साथी नोंदवल्या, त्यातल्या १५ नोरोव्हायरसच्या होत्या. आणि २०१४ च्या जानेवारीत 'एक्सप्लोरर ऑफ द सीज'वर ३,०७१ प्रवाशांपैकी ६०० हून जास्त आजारी पडून बोट दोन दिवस आधी परत आणावी लागली, ती सुटली होती याच केप लिबर्टीवरून. हे वाचल्यापासून त्या धक्क्याचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

बाबांना मधुमेह आहे, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन जरा वर असतं. आणि स्वभाव असा की दुखणं सांगायचंच नाही. बारा वेळा वारी केली, टँकरचं पाणी प्यालो, मला काय होतंय, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. वारीत त्यांना एकदा जुलाब लागले होते आणि ते लपवून ते वाखरीपर्यंत चालत गेले, हे आम्हाला दोन वर्षांनी दुसऱ्या वारकऱ्याकडून कळलं.

तर मला विचारायचं आहे: जावं का? चांगली बोट कोणती हे आधी कसं ओळखायचं? त्यांच्या औषधांचं काय करायचं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, लपवणाऱ्या माणसाला वेळेवर बोलतं कसं करायचं? कुणी बोटीवर नोकरी केली असेल तर आतली माहिती हवी आहे.

पहिला प्रतिसाद

सरळ रद्द करा. ७४ वर्षं, मधुमेह आणि किडनीचा त्रास, एवढं पुरे आहे. वॉशिंग्टन-नायगरा दाखवून आणा.

दुसरा प्रतिसाद

ताई, मी वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं बोटीवर हाउसकीपिंगला होतो, दोन मोठ्या साथी आतून बघितल्यात.

साथ लागली की आमचं आयुष्यच बदलायचं. टेबलावरच्या मिठा-मिरपुडीच्या बाटल्या गायब, बुफेवर तुम्ही चमच्याला हात लावायचा नाही, वाढणार आम्हीच. लायब्ररीतली पुस्तकं, पत्ते बंद. कठडे, लिफ्टची बटणं, दारांच्या मुठी क्लोरीनच्या पाण्याने दिवसरात्र पुसायच्या. कुणी कॉरिडॉरमध्ये ओकलं की दोरी लावून तेवढा भाग अडवायचा, अंगावर एप्रन, तोंडाला मास्क. हातांची सालं निघायची. पण खरं सांगू, एवढं करूनही एक माणूस केबिनमधून लपून कॅसिनोत गेला की सगळी मेहनत पाण्यात. बोटीवर हा आजार जास्त करून माणसाकडून माणसाला जातो.

लपवतात ते फक्त प्रवासीच नव्हेत. जेवणाच्या कामातल्या माणसाला जुलाब झाले तर लक्षणं थांबल्यावरही निदान ४८ तास त्याला बाजूला ठेवायचा नियम आहे, बाकी खात्यांना २४ तास. कोकणातली, गोव्याची किती पोरं बोटीवर आहेत तुम्हाला माहीतच असेल. घरी कर्जाचा हप्ता असतो, टिप बुडते, म्हणून पहिल्या वर्षाचा पोरगा गप्प बसतो. माझ्या केबिनमधलाच एक असा गप्प बसला होता. तिसऱ्या दिवशी मी आडवा झालो.

चांगल्या बोटीचं विचाराल, तर सीडीसीचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम, म्हणजे बोटींच्या स्वच्छतेची तपासणी, बघा. १९७५ पासून चालू आहे. परदेशाला जाऊन अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या, १३ किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटींवर त्यांची माणसं न सांगता चढतात. शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. ते आले की गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, टाचणी पडली तरी ऐकू यायची. फ्रीजचं तापमान, भांडी धुवायच्या मशिनचं पाणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, सगळं तपासतात आणि कुठे काय चुकलं तेही लिहितात. बोटीचं नाव टाकलं की अहवाल निघतो. गुणांपेक्षा तो वाचा. दोन-तीन अहवालांत हात धुण्याच्या बेसिनबद्दल तीच तीच चूक दिसली तर मी त्या बोटीवर जाणार नाही.

साथींची यादी बघताना एक लक्षात असू द्या. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के आजारी पडले की तीन ते एकवीस दिवसांची सफर त्या यादीत येते. म्हणजे ३,००० प्रवाशांत ९०. साठ जण पडले तर ती बोट यादीत दिसणारच नाही. तेव्हा नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि एकदा नाव आलं म्हणून बोट कायमची वाईट असंही नाही.

तिसरा प्रतिसाद

मी नाशिकला फिजिशियन आहे. आधी एक गोष्ट: हा विषाणू समुद्रातला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत मुलं आजारी पडली, त्या गावावरून हे नाव आलं. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी क्रूझवरच्या जेमतेम १ टक्का असतात. बोटींना मोजून कळवावं लागतं म्हणून त्या बातमीत येतात. लग्नाच्या पंगतीत शंभर जणांना झालं तर कोण कळवतं? त्यामुळे धक्क्याच्या नावाची धास्ती घेऊ नका.

मात्र बाबांची काळजी योग्य आहे. शंभरापेक्षा कमी विषाणूकणही आजारी पाडायला पुरतात. शरीरात गेल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात, एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो, पण बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून विषाणू बाहेर पडू शकतो. सगळीकडे सॅनिटायझरच्या बाटल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका, या विषाणूवर ते फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. आपण हाताने जेवतो. बुफेचा चमचा धरून ताट वाढून घेतलं आणि त्याच हाताने पोळी किंवा पाव मोडला तर आधी धुतलेले हात वाया गेले. वाढून घेतल्यावर, खाण्याआधी धुवायचे.

मरण ओढवतं ते पाणी आणि क्षार गेल्याने, म्हणून ओआरएस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाईन संपत आल्यावर मीठ-साखरेच्या द्रावणाने कॉलराचे रुग्ण वाचवले. तसंच, थोडं सुधारलेलं मिश्रण आज २०.५ ग्रॅमच्या पुडीत मिळतं, एका पुडीला एक लिटर पाणी. अर्ध्या ग्लासात पूर्ण पुडी ढवळायची नाही. मधुमेह आहे म्हणून साखरेला घाबरून ते टाळायचंही नाही, घोट घोट देत साखर तपासत राहायची. त्याऐवजी गोड रस किंवा कोल्ड्रिंक देऊ नका.

गोळ्यांचं सर्वांत महत्त्वाचं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना लघवी वाढवणारं औषध, बीपीच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन किंवा लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या चालू राहिल्या तर किडनीला धक्का बसू शकतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मनाने काही बंद करू नका. ओआरएसमधल्या पोटॅशियमबद्दलही त्यांनाच विचारा. अँटिबायोटिक खिशात ठेवून उपयोग नाही, ते विषाणूवर चालत नाही. लघवी सहा-आठ तास झाली नाही, उभं राहिल्यावर चक्कर आली, पाणीही पोटात टिकेना, बोलणं असंबद्ध वाटलं, शौचात रक्त दिसलं, यातलं एक जरी दिसलं तरी फोनची वाट न बघता सरळ बोटीच्या दवाखान्यात न्या.

चौथा प्रतिसाद

आम्ही सासूबाईंना अलास्का क्रूझला नेलं तेव्हा त्यांच्यासाठी शेजारची वेगळी केबिन घेतली होती. महाग पडली, पण एक आजारी पडला तर दुसऱ्याला संडास तरी वेगळा. विम्यात मधुमेह लिहाच आणि बोटीवरचा दवाखाना त्यात बसतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. वेंगुर्लेकर दादा, तुमच्या केबिनमधल्या त्या मुलाबद्दल वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मी दोष देऊ शकत नाही, आणि माझ्या हातात तर कर्जाचा हप्ताही नव्हता.

आमच्या बोटीचे मागचे तीन अहवाल वाचले. गुण ९० च्या वर आहेत, पण एकात आइस्क्रीमच्या मशिनची चूक आहे, तेव्हा लेकाला ते मिळणार नाही. शेजारच्या केबिनची चौकशी केली आहे. सांगलीच्या डॉक्टरांशी मंगळवारी व्हिडिओवर बोलणं आहे. त्यांनी चालेल म्हटलं तरच जायचं, असं नवऱ्याशी ठरलं.

बाबांना वारीचा दाखला देऊन उपयोग नव्हता, म्हणून काल रात्री जेवणानंतर मी त्यांना मागच्या वर्षीचं खरं सांगितलं. दुपारची उलटी, न केलेला फोन, तो ब्रेड, त्या आजी. आईलाही हे माहीत नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी गोळ्यांचा डबा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, यातली लघवीची कुठली? त्यावर खूण करून ठेव.