मदत हवी आहे: उंच घोड्यासाठी ट्रेलर

नमस्कार मंडळी, आमचा थरोब्रेड जातीचा घोडा खांद्यापाशी ६८ इंच, म्हणजे १७ हँड (घोड्याची उंची मोजायचं माप, एक हँड म्हणजे चार इंच). नागपूरहून पुण्याला भाड्याच्या गाडीतून नेला, तर छताला लागून कानामागे सोललं. त्याहून वाईट म्हणजे आखूड बांधल्याने त्याला मान खालीच घालता येईना. मान खाली गेली नाही की श्वासनलिकेतली धूळ, शेंबूड बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासात छातीत संसर्ग होतो. परतल्यावर आठवडाभर खोकला. जीव तुटत होता हो.

आता स्वतःचाच ट्रेलर बांधून घेतोय. आत साडेसात फूट उंची पुरेल का? घोडा तिरका उभा राहतो अशा तिरप्या कप्प्यात मोठ्या घोड्याला लांबी कमी पडते, म्हणून सरळ कप्पेच बरे वाटतात. विदर्भातल्या उन्हात छताला आतून काय लावावं? नागपूरकडे असं काम कुणी करून घेतलंय का? मापं नक्की कळवा.