निवारा केंद्रात पिल्लांचा गॅस्ट्रो थांबत नाही : सफाई, जागा आणि खाणं याबद्दल सल्ला हवा

माणदेशी_माती :
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी लोकवर्गणीवर चालणारं भटक्या कुत्र्यांचं केंद्र आहे. जागा १० गुंठे, पत्र्याची शेड, आत १२ खोल्या, मागे मातीचं अंगण. सध्या ३४ कुत्री, त्यात ९ पिल्लं. दोन पगारी कामगार, आठवड्यातून तीनदा डॉक्टर येतात. खोल्या दोन वेळा फिनाईलने धुतल्या जातात, पिल्लू आलं की त्याच दिवशी लस दिली जाते. तरीही रक्ती हगवण आणि उलट्या होऊन दर खेपेला निम्मी पिल्लं दगावतात. चाचणी पार्वोचीच (पिल्लांना होणारा विषाणूचा आतड्यांचा आजार) येते. सफाईत काय बदलावं? नगरपालिका आणखी कुत्री ठेवून घ्या म्हणते, तर शेड वाढवावी का? आणि खाण्याचं प्रमाण नेमकं किती धरावं?

कोबा_आणि_नाली :
आधी फिनाईल बंद करा. पार्वोच्या विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही, वासामुळे स्वच्छ झाल्यासारखं वाटतं एवढंच. पुढेमागे मांजरं ठेवणार असाल तर त्यांना ते विषारीही आहे. पार्वोला क्लोरीन लागतं. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घ्या, एका भागाला ३० भाग पाणी, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला अर्धा लिटर. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर पाव लिटर. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, ताज्या पावडरचं प्रमाण बादलीला साधारण ९० ग्रॅम. पण उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत महिनाभरात नरम पडते, म्हणून छोटी पाकिटं आणा आणि द्रावण रोज नवं करा.

मात्र नुसतं ब्लीच ओतून भागत नाही. विष्ठा आणि घाण क्लोरीन खाऊन टाकते. आधी विष्ठा कोरडीच उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं, पाणी निपटायचं आणि त्यानंतर ब्लीच. ते १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. कामगार घाईत दोन मिनिटांत पाणी मारतात, तिथेच सगळी मेहनत वाया जाते. शेवटी स्वच्छ पाणी आणि कोरडं करणं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू देऊ नका, विषारी वायू तयार होतो. मूत्र साचलेल्या फरशीवर थेट ब्लीच टाकलं तरी डोळे चुरचुरतात ते त्याच कारणाने.

मातीचं अंगण हा तुमचा खरा शत्रू आहे. मातीत पार्वो वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतो, आणि माती ब्लीचने निर्जंतुक होत नाही. पूर्ण लसीकरण न झालेलं एकही पिल्लू त्या अंगणात उतरता कामा नये. पिल्लांच्या दोन खोल्यांत पक्का कोबा करून घ्या. शहाबादी फरशीच्या सांध्यांत घाण मुरते. उतार दहा फुटांना अडीच इंच, आणि नाली खोलीच्या बाहेर. नाली खोल्यांच्या आतून गेली तर एका खोलीतलं पाणी पुढच्या सगळ्या खोल्यांतून वाहतं. दोन खोल्यांमधली भिंत चार फुटांपर्यंत भरीव ठेवा, वर जाळी चालेल.

कामाचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा : सकाळी आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग नव्याने आलेली, सर्वात शेवटी आजारी. आजारी खोलीचे गमबूट, खराटा, बादली वेगळ्या रंगाच्या आणि तिथेच ठेवायच्या. दारातल्या औषधी पाण्याच्या ट्रेवर फार विसंबू नका, चिखल पडला की तासाभरात तिचा उपयोग संपतो. वेगळे बूट जास्त काम करतात. बरं झालेलं पिल्लूसुद्धा आणखी १४ दिवस वेगळं ठेवा आणि बाहेर काढताना अंघोळ घाला, कारण विषाणू केसांवरही असतो.

आता लस. एक डोस देऊन थांबत असाल तर पिल्लं जाणारच. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून केंद्रात दीड महिन्याच्या आसपास सुरू करून दर दोन-तीन आठवड्यांनी, निदान चार महिन्यांचं होईपर्यंत. (धोका जास्त असेल तर डॉक्टर चौथ्या आठवड्यापासूनही सुरू करतात आणि पाच महिन्यांपर्यंत नेतात.) मोठं कुत्रं आलं तरी त्याच दिवशी डोस. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात थर्मामीटरसह ठेवा, भारनियमन असेल तर बर्फाच्या पिशव्या तयार हव्यात. पावडर द्रवात कालवून तयार केलेली लसीची बाटली लगेच वापरा, दुपारसाठी राखून ठेवलेला उरलेला डोस टोचण्यात अर्थ नाही.

हिशेबाची_वही :
वरचं सगळं पटतं, पण माझ्या मते मूळ दुखणं संख्येचं आहे. शेड वाढवू नका.

एका जनावराच्या फक्त सफाई आणि खाण्याला रोज १५ मिनिटं धरतात. ३४ गुणिले १५ म्हणजे साडेआठ तास. तुमच्या दोन माणसांचे सोळा तास, त्यातून स्वयंपाक, औषधं, डॉक्टरांच्या हाताखालचं काम, नवी दाखल, आणि आठवड्याची सुट्टी वजा करा. म्हणजे आत्ताच ताणलेलं आहे. आणखी दहा आली की ब्लीचची दहा मिनिटं सर्वात आधी कापली जातील.

दुसरा हिशेब : रोज सरासरी किती येतात गुणिले सरासरी किती दिवस राहतात, तेवढी तुमच्याकडची गर्दी. रोज एक आलं आणि ३० दिवस राहिलं तर ३०. मुक्काम ६० दिवसांवर गेला तर ६०, येणारी एकही न वाढता. म्हणून खोल्या वाढवण्यापेक्षा मुक्काम कमी करा. दाखल झाल्या दिवशीच कार्डावर लिहा की हे जनावर कुठे जाणार : जखम बरी होऊन मूळ गल्लीत, दत्तक, की कायमचं. मागचे पाय गेलेली, आंधळी अशा कायमच्यांसाठी आकडा ठरवून टाका, समजा सहा, आणि तो ओलांडू नका. हे कठोर वाटेल, पण सातव्याला जागा दिली की पहिल्या सहांची बिछान्याची फडकी बदलणं मागे पडतं आणि त्यांना जखमा होतात.

नगरपालिकेबाबत : २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातल्या कुत्र्यांना वेगळं केलं, ती परत त्याच आवारात सोडता येत नाहीत. पण ती सांभाळण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. तुम्ही घेणार असाल तर आधी लेखी करार, दर कुत्र्यामागे दर दिवसाचा दर, आणि कमाल संख्या. तोंडी शब्दावर एकही घेऊ नका. नसबंदीची शस्त्रक्रिया स्वतः सुरू करायची असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची मान्यता लागते. सुया आणि मळलेलं ड्रेसिंग कचरागाडीत टाकता येत नाही, २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय जागांनाही लागू आहेत.

माणदेशी_माती :
मनापासून आभार. कोब्याचं काम या आठवड्यात काढतो. एक अडचण : लोक रात्री फाटकाशी खोक्यात पिल्लं ठेवून जातात. ती नाकारायची कशी? आणि खाण्याचं राहिलं.

चूल_मोठी :
खाण्याचं मी सांगते. आपलं गावठी कुत्रं साधारण १५ किलोचं, त्याला दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपास लागतात. १२० ते १३० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि कातडीसकट कोंबडीचं २०० ग्रॅम मांस एवढ्यात ते भागतं. २५ मोठ्या कुत्र्यांना रोज सव्वातीन किलो तांदूळ आणि पाच किलो कोंबडी. कोंबडीवाल्याकडून माना आणि पाय घेतले तर स्वस्त पडतं, पण पायांत मांस कमी आणि कातडी-हाडंच जास्त, त्यामुळे फक्त पायांवर चालवू नका. मोठ्या कुकरमध्ये तासभर शिजवून हाड बोटाने चिरडलं गेलं पाहिजे. साधं उकडलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं. हाडं काढून टाकत असाल तर कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं, किती ते डॉक्टर सांगतील. कांदा, लसूण टाकायचा नाही. लग्नाघरचं उरलेलं अन्न म्हणून तर घेऊच नये, त्यात दोन्ही असतात आणि वर तेल, तिखट. उन्हाळ्यात शिजलेला भात चार तासांत आंबतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ वेगळा शिजवा. पातळ हागणीची काही प्रकरणं आंबलेल्या भाताची असतात. पिल्लांना दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. बिस्किटं हे खाणं नव्हे, देणगीत आली तर गोळी भरवायला ठेवा.

लाल_माती_कोकण :
कामगारांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दोघांनाही रेबीजची आगाऊ लस द्या : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि आगाऊ लस झालेली असली तरी ० आणि ३ व्या दिवशीचे दोन डोस घ्यायचेच. लाळ गळणारं, घशात हाड अडकल्यासारखं तोंड उघडं ठेवणारं कुत्रं आलं तर तोंडात हात घालायचा नाही. रेबीज अगदी असाच दिसू शकतो. ते वेगळ्या खोलीत, बाहेरून कडी, आणि डॉक्टरांशिवाय कुणी आत नाही. पावसात उंदरांच्या मुतातून लेप्टो (माणसालाही होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि पायात गमबूट सक्तीचे.

गोचिडांसाठी फक्त कुत्र्यांना औषध लावून चालत नाही. मादी भिंत चढून वर जाते आणि फटीत हजारो अंडी घालते. पत्र्याखालच्या आणि दाराच्या चौकटीच्या फटी सिमेंटने बुजवा, मग फवारणी.

हिशेबाची_वही :
फाटकावरच्या पिल्लांबद्दल. नाकारता येणार नाहीत, पण खोल्यांमध्येही नेऊ नका. फाटकाजवळच, शेडपासून लांब, एक छोटी धुता येणारी खोली ठेवा. १४ दिवस तिथेच. वेगवेगळ्या दिवशी आलेली पिल्लं एकत्र करू नका, नाहीतर १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. फाटकावर ठळक पाटी लावा : आई जिवंत असेल तर पिल्लं तिच्यापाशीच राहू द्या, आम्हाला फोन करा, आम्ही तिथे येऊन लस देऊ आणि दूध सुटल्यावर आईची नसबंदी करून परत आणून सोडू. पाटीवर फोन नंबर चालू हवा आणि उचलणारा माणूस ठरलेला हवा. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू सांभाळणारी पाच-सहा घरं गावात शोधा, जिथे गेल्या वर्षभरात गॅस्ट्रोचं पिल्लू नव्हतं अशीच. खाणं, लस आणि जंताचं औषध केंद्राने पुरवायचं. एका घरात एकाच वेतातली पिल्लं.

आत्ता असलेल्या नऊ पिल्लांचं वजन आजपासून रोज सकाळी काट्यावर करून लिहा. हगवण दिसायच्या आधी बऱ्याचदा वजन घसरतं आणि पिल्लू खाणं सोडतं. त्याच तासाला ते वेगळं काढून सलाईन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. तीनदा येणाऱ्या डॉक्टरांची मधल्या दिवसांत वाट बघू नका. शिरेत सुई घालून सलाईन लावता येणारा पशुधन पर्यवेक्षक त्यांच्या देखरेखीखाली त्या दिवसांसाठी ठरवून ठेवा.