अनुभव धागा: वयात येणारी मुलं, मोकळीक आणि भावनांना आवर

नाशिकमध्ये मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांनी लिहावं. मोकळीक कधी, किती, कशी द्यायची? बारकाव्यांसह सांगा.

समुपदेशक, इंदिरानगर
'तुला हवं ते कर' ही मोकळीक नव्हे. एक काम पूर्ण मुलाच्या हाती सोपवा. आठवीच्या मुलासाठी सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा, प्रवास उत्तम. पहिल्या खेपेला शेजारी बसा. दुसऱ्या खेपेला मागच्या सीटवर. तिकीट, उतरायचा थांबा त्यालाच बघू द्या. तिसऱ्यांदा एकटा, पोचल्यावर एक फोन. बिघडतं ते बस चुकल्यावर. मूल घाबरून फोन करतं आणि बाबा लगेच गाडी काढतात! दिवसाउजेडी फक्त विचारा, "मग आता काय करशील?" आणि गप्प राहा. थांब्यावर उभं असताना छातीतली धडधड हळूहळू ओसरते, हे त्याला अनुभवातून कळायला हवं. सांगून ते कळत नाही. अंधार पडला असेल तर मात्र आणायला जा.

बालरोगतज्ज्ञ, कॉलेज रोड
भावनांचा भडका उडवणारा मेंदूचा भाग आधी तयार होतो, लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यात या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा पाझरतं. १३ ते १८ वर्षांत झोप ८ ते १० तास हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी सातचा क्लास असेल, तर चिडचिडीचं खापर संस्कारांवर फोडू नका. झोपायची वेळ मुलाला ठरवू द्या, पण मोबाइल रात्री हॉलमध्येच. उदासी दोन आठवडे टिकली, जेवणखाण तुटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

शिक्षिका, पंचवटी
मुलं सगळ्यालाच 'डोकं फिरलंय' म्हणतात. आत अपमान असतो, हेवा असतो, भीती असते. नेमका शब्द सापडला की आवाज खाली येतो. भांडणात तो सापडत नाही, म्हणून नियमांची बोलणी तेव्हा नको, दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर. आठवड्याचा खर्च १०० रुपये ठरला आणि बुधवारीच संपला, तर रविवारपर्यंत वाढवून देऊ नका, टोमणाही नको. टोमणा बसला की मूल पैशांचा हिशेब विसरतं, तुमच्यावरचा राग लक्षात ठेवतं.

ड्रायव्हिंग शिकवणारे, सातपूर
दहावी झाली म्हणून स्कूटर देऊ नका. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं. ११० सीसीच्या स्कूटरला १८ वर्षं पूर्ण हवीत. पकडलं तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोवर सायकल द्या, पंक्चर काढणं त्याच्याकडेच.