जीआरचा फोटो आला की आधी शेवटचा परिच्छेद पाहा

'सीसीआयची खरेदी उद्यापासून बंद' हा मेसेज खरा का, असं एकाने विचारलंय. सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ. असली अफवा ऐन वेचणीच्या भरात सुटते, ते उगाच नाही. घाबरलेला माणूस हमीभाव सोडून खेडा खरेदीवाल्याच्या (गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या) काट्यावर कापूस टाकतो. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. त्याच्या खाली जितका पाडून घेतला तितका घेणाऱ्याचा फायदा. मेसेजात थोडं खरंही कालवलेलं असतं. ओलावा 12 टक्क्यांवर गेला की खरेदी केंद्र कापूस घेत नाही, आणि परत फिरलेल्या एका गाडीचा फोटो 'खरेदी बंद' म्हणून फिरवायला पुरतो.

नुकसानभरपाईचा जुना जीआर यंदाचा म्हणून फिरवतात, त्याचं वेगळंच. वरची तारीख कापली तरी शेवटच्या परिच्छेदातला 18 अंकी संकेतांक बरेचदा तसाच राहतो. पहिले 8 अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 20230410 दिसलं की तो एप्रिल 2023 चा, यंदाचा नाही. तोच आकडा शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. शेवटचं पानच नसेल तर गावच्या ग्रुपवर टाकूच नका.

आणि मेसेज खूपदा फॉरवर्ड झालाय हे दाखवणाऱ्या व्हॉट्सॲपच्या दुहेरी बाणावर विसंबू नका. मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की बाण जातो.